जीएसटी भरपाई: १४ टक्क्यांची हमी आली कुठून आणि पैसे संपल्यावर कर्ज कोणी काढायचं?

४ मे २०२० रोजी महाराष्ट्राच्या वित्त विभागाने एक शासन निर्णय काढला. त्या वर्षी अर्थसंकल्पात मंजूर झालेल्या रकमेपैकी फक्त ३३ टक्केच खर्च करायचा, नवी कामं हाती घ्यायची नाहीत, आरोग्यासारखी खाती सोडून नवी भरती करायची नाही, असं त्यात म्हटलं होतं. त्याआधी मार्चचा पगारही सरकारी कर्मचाऱ्यांना टप्प्याटप्प्याने देण्याचं ठरलं होतं. टाळेबंदीमुळे बाजार बंद होते, त्यामुळे कर येत नव्हता, हे उघडच होतं. पण राज्य सरकारची एक वेगळी तक्रारही होती: जीएसटी लागू करताना केंद्राने तूट भरून देण्याची कायद्याने हमी दिली आहे, मग ते पैसे कुठे आहेत?

हीच तक्रार त्या वर्षी जवळपास प्रत्येक राज्याची होती. त्यातून ऑगस्ट ते ऑक्टोबर २०२० या काळात केंद्र आणि राज्यांमध्ये जी ओढाताण झाली, ती स्वतंत्र भारतातल्या कराच्या पैशांवरच्या मोठ्या वाटाघाटींपैकी एक म्हणावी लागेल. सोशल मीडियावर आजही ‘केंद्राने महाराष्ट्राचे जीएसटीचे पैसे अडवले’ आणि ‘केंद्राने पै न् पै दिली’ अशा दोन्ही प्रकारच्या पोस्ट फिरतात. दोन्हींत थोडं तथ्य आहे. पण खरा वाद दर किती असावा किंवा थकबाकी किती, एवढाच नव्हता. अंदाज चुकला तर तो तोटा कोणाच्या नावावर लिहायचा, हा वाद होता.

हमी द्यावी का लागली?

१ जुलै २०१७ ला जीएसटी आला तेव्हा राज्यांनी व्हॅट, प्रवेश कर, ऐषाराम कर, राज्य पातळीवरचा करमणूक कर असे अनेक कर सोडून दिले. केंद्रानेही बहुतेक वस्तूंवरचं उत्पादन शुल्क आणि सेवा कर सोडला. पण दोघांच्या सोडण्यात फरक होता. केंद्राकडे प्राप्तिकर, कंपनी कर, सीमा शुल्क उरतं. राज्यांकडे स्वतःचा म्हणावा असा मोठा कर एकच होता, विक्रीवरचा. तो कमी-जास्त करणं हेच राज्याच्या अर्थमंत्र्याच्या हातातलं मुख्य हत्यार होतं. जीएसटीनंतर दर ठरणार जीएसटी परिषदेत, एकट्या राज्याच्या विधिमंडळात नाही.

उत्पादक राज्यांना आणखी एक भीती होती. जीएसटी हा जिथे वस्तू वापरली जाते तिथला कर आहे. चाकणला बनलेली गाडी पाटण्यात विकली गेली, तर त्यावरचा राज्याच्या वाट्याचा कर बिहारला जातो. पूर्वी अशा आंतरराज्य विक्रीवर केंद्रीय विक्री कर लागायचा आणि तो माल पाठवणाऱ्या राज्याला मिळायचा. महाराष्ट्र, गुजरात, तामिळनाडूसारख्या राज्यांचा तो हक्काचा पैसा जाणार होता. म्हणून २०१४ च्या विधेयकात उत्पादक राज्यांसाठी एक टक्का जादा कर ठेवला होता. काँग्रेसने त्याला विरोध केला आणि २०१६ मध्ये तो वगळला गेला, तेव्हा कुठे राज्यसभेत विधेयक मंजूर होण्याचा मार्ग मोकळा झाला.

यात पक्षांच्या भूमिकाही कशा फिरल्या ते पाहण्यासारखं आहे. २००६ च्या अर्थसंकल्पी भाषणात पी. चिदंबरम यांनी १ एप्रिल २०१० पासून जीएसटी आणण्याचं उद्दिष्ट जाहीर केलं. पुढे यूपीए सरकारच्या काळात या कराला अडवून धरणाऱ्या राज्यांत भाजपची सत्ता असलेले गुजरात आणि मध्य प्रदेश आघाडीवर होते. दिल्लीत सत्ता बदलली आणि बाजूही बदलल्या. राज्याचा अर्थमंत्री मात्र कोणत्याही पक्षाचा असो, त्याचा प्रश्न तोच राहिला: माझी तूट कोण भरणार?

हा प्रश्न विचारण्याला अनुभवाचा आधार होता. जीएसटीची तयारी म्हणून केंद्रीय विक्री कर २००७ मध्ये चारवरून तीन आणि २००८ मध्ये तीनवरून दोन टक्क्यांवर आणला गेला. त्यामुळे होणारी तूट केंद्र भरून देणार होतं. पण २०१० ला जीएसटी आलाच नाही, भरपाईचे पैसे काही काळाने थांबले आणि थकबाकीवरून राज्यं केंद्राशी अनेक वर्षं भांडत राहिली. त्यामुळे पुढच्या वेळी नुसत्या तोंडी आश्वासनावर कोणी विश्वास ठेवायला तयार नव्हतं. राज्यांना हमी कायद्यात हवी होती, शक्यतो राज्यघटनेतच.

तशी ती मिळाली. १०१ व्या घटनादुरुस्तीच्या कलम १८ मध्ये संसद पाच वर्षांसाठी भरपाईची तरतूद ‘करील’ असं लिहिलं गेलं, ‘करू शकेल’ असं नाही.

१४ टक्के हा आकडा

भरपाई द्यायची हे ठरलं, पण किती? त्यासाठी ‘जीएसटी आला नसता तर राज्याला किती कर मिळाला असता’ हे ठरवावं लागतं. हा आकडा कोणालाच माहीत असू शकत नाही, तो मान्य करावा लागतो. परिषदेत वेगवेगळी सूत्रं मांडली गेली आणि शेवटी सगळ्यांसाठी एकच दर ठरला: पायाभूत वर्ष २०१५-१६ आणि तिथून पुढे दरवर्षी १४ टक्के वाढ, चक्रवाढ पद्धतीने.

याचा अर्थ समजून घ्या. एखाद्या राज्याला जीएसटीत विलीन झालेल्या करांतून २०१५-१६ मध्ये १०० रुपये मिळत असतील, तर २०१७-१८ मध्ये त्याचा ‘संरक्षित महसूल’ जवळपास १३० रुपये झाला आणि २०२१-२२ मध्ये २१९ रुपये. प्रत्यक्षात त्या वर्षी १७० रुपयेच जमा झाले, तर उरलेले ४९ केंद्राने द्यायचे. अर्थव्यवस्था वाढो न वाढो, राज्याचा आकडा वाढत राहणार. व्हॅटच्या काळातही अनेक राज्यांचा महसूल इतक्या वेगाने वाढत नव्हता. म्हणजे राज्यांनी सौदा चांगला केला होता. केंद्राने तो मान्य केला, कारण जीएसटी आला की करचोरी कमी होईल, वसुली वाढेल आणि हमी प्रत्यक्षात फारशी वापरावी लागणार नाही, असा हिशेब होता. शिवाय त्याशिवाय राज्यं सहीला तयारच नव्हती.

पैसे कुठून येणार, याचं उत्तर होतं भरपाई उपकर. तंबाखू, पान मसाला, शीतपेयं, कोळसा, मोटारगाड्या यांच्यावर जीएसटीच्या वर हा उपकर लावायचा, तो वेगळ्या निधीत टाकायचा आणि त्यातून दर दोन महिन्यांनी राज्यांना रक्कम द्यायची. निधीत तेवढे पैसे जमले नाहीत तर काय, हे कायद्यात थेट लिहिलेलं नव्हतं. ‘परिषद शिफारस करील अशा इतर रकमा’ निधीत टाकता येतील, एवढीच मोकळी जागा होती. पुढचं सगळं भांडण याच वाक्यावर झालं.

मुंबईचा सौदा

केंद्राकडून हमी घेणाऱ्या महाराष्ट्र सरकारला त्याच वेळी स्वतःही एक हमी द्यावी लागली, मुंबई महापालिकेला. दहिसर, मुलुंडसारख्या नाक्यांवर ट्रक थांबवून घेतली जाणारी जकात हा महापालिकेच्या उत्पन्नाचा सर्वांत मोठा स्रोत होता. जीएसटीमुळे ती बंद होणार होती. राज्यात भाजप आणि शिवसेना एकत्र सत्तेत, महापालिका शिवसेनेकडे आणि दोघांचे संबंध ताणलेले. जकातीची रक्कम दरमहा आणि वेळेवर मिळेल हे कायद्यात लिहा, अशी अट शिवसेनेने घातली. मे २०१७ च्या विशेष अधिवेशनात राज्याच्या जीएसटी कायद्याबरोबरच स्थानिक संस्थांना भरपाई देणारा कायदाही मंजूर झाला. ५ जुलै २०१७ ला तेव्हाचे अर्थमंत्री सुधीर मुनगंटीवार महापालिकेच्या मुख्यालयात ६४७ कोटी ३४ लाख रुपयांचा पहिला धनादेश घेऊन गेले.

या हमीतली वाढ वर्षाला आठ टक्के. केंद्राकडून १४ घेणाऱ्या राज्याने महापालिकेला आठ दिले. पण आठ टक्के चक्रवाढही नऊ वर्षांत रक्कम दुप्पट करते. २०२५-२६ च्या महापालिका अर्थसंकल्पात ही भरपाई १४ हजार कोटींच्या पुढे गेली होती. केंद्राची राज्याला दिलेली हमी जून २०२२ मध्ये संपली, राज्याचा महापालिकेला जाणारा हप्ता मात्र चालूच आहे. सौदा करताना मुदत लिहिली आहे की नाही, याने इतका फरक पडतो.

परिषदेत मतं कशी मोजतात?

जीएसटी परिषदेचे अध्यक्ष केंद्रीय अर्थमंत्री असतात. २८ राज्यं आणि विधानसभा असलेले तीन केंद्रशासित प्रदेश, म्हणजे एकूण ३१ प्रतिनिधी. केंद्राच्या मताचं वजन एक तृतीयांश, सगळ्या राज्यांचं मिळून दोन तृतीयांश आणि निर्णयाला तीन चतुर्थांश वजन लागतं.

गणित केलं तर दोन गोष्टी दिसतात. केंद्राचा विरोध असेल तर सगळी राज्यं एक होऊनही काही मंजूर करू शकत नाहीत. आणि सर्व ३१ जण हजर असतील तर केंद्राला २० जणांची साथ पुरते. उलट बाजूने १२ जण एकत्र आले तर तेही केंद्राला रोखू शकतात.

राज्यांमध्ये मात्र सगळी समान. गोव्याच्या मताला उत्तर प्रदेशाच्या मताइतकंच वजन. मे २०२१ च्या बैठकीनंतर तामिळनाडूचे अर्थमंत्री पलानीवेल त्यागराजन यांनी या पद्धतीवर टीका केली आणि गोव्याचे प्रतिनिधी माविन गुदिन्हो यांच्याशी त्यांची जाहीर खडाजंगी झाली. मोठ्या राज्यांना ही व्यवस्था खुपते, पण ती नसती तर लहान राज्यं आत आली असती का, हाही प्रश्न आहेच.

प्रत्यक्षात परिषदेत मतदान टाळलंच जातं. पहिलं मतदान झालं ते १८ डिसेंबर २०१९ च्या बैठकीत, तेही लॉटरीवरच्या कराबाबत. २१ विरुद्ध सात अशा मतांनी २८ टक्के दर मंजूर झाला. भरपाईसारख्या मोठ्या विषयावर मात्र मतदान झालंच नाही.

२०२०: निधी आटला

पहिली दोन वर्षं सगळं ठीक चाललं होतं. उपकरातून जमणारा पैसा वाटपापेक्षा जास्त होता. याच काळाबद्दल कॅगने पुढे एक आक्षेप नोंदवला: २०१७-१८ आणि २०१८-१९ मध्ये जमलेल्या उपकरापैकी ४७ हजार २७२ कोटी रुपये भरपाई निधीत टाकलेच गेले नाहीत, ते केंद्राच्या एकत्रित निधीत, म्हणजे मुख्य तिजोरीत राहिले. हिशेब जुळवायला वेळ लागतो, पैसे राज्यांना मिळाले आहेत, असं अर्थ मंत्रालयाचं म्हणणं होतं. पण हा अहवाल सप्टेंबर २०२० मध्ये, ऐन भांडणात संसदेसमोर आला. त्यामुळे राज्यांच्या हाती आयतं कोलीत मिळालं.

करोना येण्याआधीच अडचण सुरू झाली होती. २०१९ मध्ये अर्थव्यवस्था मंदावली आणि १४ टक्के हा आकडा दूर जाऊ लागला. २०१९-२० या वर्षी उपकर जमला ९५ हजार ४४४ कोटी आणि भरपाई द्यावी लागली १ लाख ६५ हजार ३०२ कोटी. त्यात सर्वांत मोठा वाटा महाराष्ट्राचा होता, १९ हजार २३३ कोटी. म्हणजे त्या वर्षापुरती महाराष्ट्राला रक्कम मिळाली, पण उशिरा.

मग टाळेबंदी आली. २७ ऑगस्ट २०२० च्या बैठकीत केंद्राने आकडे ठेवले. वर्षाची तूट सुमारे तीन लाख कोटी, उपकरातून येतील ६५ हजार कोटी, म्हणजे २ लाख ३५ हजार कोटींचा खड्डा. त्यातले ९७ हजार कोटी जीएसटी लागू झाल्यामुळे आणि बाकीचे करोनामुळे. करोनाचं संकट ‘ॲक्ट ऑफ गॉड’ आहे, असं अर्थमंत्री निर्मला सीतारामन म्हणाल्या आणि दुसऱ्या दिवशी सगळे मथळे त्याचेच होते.

हा शब्द लोकांनी चेष्टेवारी नेला, पण त्यामागची विभागणी गंभीर होती. ‘जीएसटीमुळे झालेली तूट’ आणि ‘करोनामुळे झालेली तूट’ असे दोन कप्पे केले की केंद्राची जबाबदारी फक्त पहिल्या कप्प्यापुरती उरते. भरपाई कायद्यात असा फरक नाही, तूट म्हणजे तूट, असं राज्यांचं म्हणणं होतं. तर घटनादुरुस्तीत भरपाई ‘जीएसटी लागू केल्यामुळे’ होणाऱ्या तोट्यासाठी आहे, याकडे केंद्र बोट दाखवत होतं. दोघांकडे आपापल्या बाजूचं एकेक वाक्य होतं.

केंद्राने राज्यांपुढे दोन पर्याय ठेवले. पहिला: ९७ हजार कोटी रिझर्व्ह बँकेच्या मदतीने खास व्यवस्थेतून कर्जाऊ घ्या, मुद्दल आणि व्याज दोन्ही पुढच्या काळातल्या उपकरातून फेडलं जाईल. दुसरा: संपूर्ण २ लाख ३५ हजार कोटी बाजारातून उचला, पण व्याज तुमचं तुम्ही भरा. पुढे पहिल्या पर्यायातली रक्कम १ लाख १० हजार कोटींवर गेली. दोन्ही पर्यायांत एक गोष्ट समान होती. कर्ज राज्यांनी काढायचं.

कर्ज कोणाच्या नावावर, याने काय बिघडतं?

शेवटी फेड उपकरातूनच होणार असेल, तर सही केंद्राने केली काय आणि राज्याने केली काय, असं वाटू शकतं. पण सरकारांच्या दृष्टीने फरक मोठा आहे.

एक म्हणजे व्याज. केंद्राला सगळ्यात स्वस्त कर्ज मिळतं, राज्यांना साधारणपणे त्याहून महाग. दुसरं म्हणजे मर्यादा. राज्यांनी किती कर्ज काढायचं यावर बंधन असतं आणि केंद्राचं देणं असलेल्या राज्याला घटनेच्या कलम २९३ नुसार नव्या कर्जासाठी केंद्राची संमती घ्यावी लागते. ज्याच्याकडून पैसे यायचे, त्याचीच परवानगी घेऊन कर्ज काढायचं, असा हा प्रकार. तिसरी गोष्ट सगळ्यात महत्त्वाची: वित्तीय तूट. ज्याच्या खात्यावर कर्ज, त्याची तूट वाढलेली दिसते. केंद्राची तूट वाढली तर पतमानांकन संस्था आणि बाजार त्याकडे बघतात. केंद्राने जास्त कर्ज उचललं तर सरकारी रोख्यांवरचा व्याजदर चढेल आणि त्याचा भार सगळ्यांनाच सोसावा लागेल, असा सीतारामन यांचा युक्तिवाद होता. त्यात तथ्य होतं. पण ३१ सरकारांनी वेगवेगळं कर्ज काढल्याने बाजारावरचा ताण कमी कसा होतो, हे राज्यांना पटत नव्हतं.

केरळचे थॉमस आयझॅक, पश्चिम बंगालचे अमित मित्रा, पंजाबचे मनप्रीतसिंग बादल हे विरोधाचे चेहरे होते. २०१७ च्या सुरुवातीच्या बैठकांची इतिवृत्तं त्यांनी बाहेर काढली. निधी कमी पडला तर बाजारातून पैसे उभे करता येतील आणि उपकर पाच वर्षांच्या पुढे चालू ठेवून ते वसूल करता येतील, अशी चर्चा तेव्हा झाली होती, अरुण जेटली अर्थमंत्री असताना. पण उभे कोणी करायचे, हे तेव्हाही स्पष्ट लिहिलं गेलं नव्हतं. मुख्य तिजोरीतून भरपाई देण्याचं केंद्रावर बंधन नाही, असा सल्ला ॲटर्नी जनरल के. के. वेणुगोपाल यांनी दिला होता, त्याचा केंद्राने आधार घेतला.

सप्टेंबरमध्ये २१ राज्यांनी पहिला पर्याय निवडल्याचं केंद्राने सांगितलं. मतदान झालं असतं तर केंद्राला हवे असलेले २० हात जमले होते. तरीही ५ ऑक्टोबरच्या बैठकीत मतदान घेतलं गेलं नाही. त्या बैठकीत उपकर २०२२ नंतरही चालू ठेवायचं ठरलं आणि त्याच रात्री जमलेल्या उपकरातले २० हजार कोटी राज्यांना पाठवले गेले. १२ ऑक्टोबरला पुन्हा बैठक झाली, तीही सहमतीविना संपली. उपकर वाढवणं परिषदेच्या हातात आहे, पण कर्ज काढणं हा प्रत्येक राज्याचा स्वतःचा विषय आहे, परिषद त्यावर काय ठरवणार, अशी भूमिका सीतारामन यांनी घेतली. आयझॅक यांनी सर्वोच्च न्यायालयात जाण्याचा इशारा दिला.

तीन दिवसांनी, १५ ऑक्टोबरला, केंद्राने पवित्रा बदलला. १ लाख १० हजार कोटींचं कर्ज केंद्रच काढेल आणि जसंच्या तसं राज्यांना देईल, असं जाहीर झालं. बाजारात सही केंद्राची, म्हणजे व्याज स्वस्त. पण हिशेबाच्या वहीत ही रक्कम राज्यांची भांडवली जमा म्हणून दिसणार, केंद्राच्या वित्तीय तुटीत नाही. राज्यांना हवी होती ती सही मिळाली, केंद्राला हवी होती ती कोरी वही मिळाली. खरं तर तोडगा इतका सोपा होता की त्यासाठी दीड महिना का लागला, असं वाटावं. पण आधी मान्य केला असता तर केंद्राला पूर्ण २ लाख ३५ हजार कोटींची मागणी टाळता आली असती का, हा त्याला जोडलेला प्रश्न आहे. सहीवरून भांडण लांबलं आणि रकमेचा मुद्दा मागे पडला.

२३ ऑक्टोबरला सहा हजार कोटींचा पहिला हप्ता १६ राज्यं आणि दोन केंद्रशासित प्रदेशांना गेला. व्याज होतं ५.१९ टक्के. या १६ राज्यांत गोवा होता आणि विरोधी आघाडीचं सरकार असलेला महाराष्ट्रही होता. तिजोरीत खडखडाट असताना तत्त्वासाठी थांबणं परवडत नाही. केरळ, बंगाल, पंजाब, राजस्थान, छत्तीसगड, झारखंड एकेक करून नंतर आले. सर्वांत शेवटी झारखंड, डिसेंबरमध्ये. पुढच्या वर्षी याच पद्धतीने आणखी १ लाख ५९ हजार कोटी काढले गेले, म्हणजे दोन वर्षांत २ लाख ६९ हजार कोटी.

मग महाराष्ट्राचे पैसे मिळाले की नाही?

३१ मे २०२२ ला केंद्राने ८६ हजार ९१२ कोटी रुपये एकदम दिले आणि तोपर्यंतची सगळी भरपाई चुकती झाल्याचं जाहीर केलं. त्यात महाराष्ट्राचे १४ हजार १४५ कोटी आणि गोव्याचे १ हजार २९१ कोटी होते. महाराष्ट्र सरकारने लगेच सांगितलं की अजून सुमारे १५ हजार कोटी येणं बाकी आहे. दोन्ही आकडे एकाच वेळी फिरू लागले.

गोंधळाचं एक कारण हिशेबाचं आहे. अंतिम भरपाई ठरते ती राज्याच्या महालेखापालांनी प्रमाणित केलेल्या आकड्यांवर, आणि ते यायला वेळ लागतो. तोपर्यंत केंद्र तात्पुरत्या हिशेबाने रक्कम देतं आणि राज्य स्वतःच्या हिशेबाने मागतं.

दुसरं कारण असं की पोस्टमध्ये तीन वेगळे पैसे एकत्र केले जातात. राज्य जीएसटी हा राज्याचाच कर आहे, तो केंद्र ‘देत’ नाही. केंद्रीय करांतला वाटा वेगळा, तो वित्त आयोग ठरवतो. १५ व्या आयोगाने राज्यांना मिळून ४१ टक्के दिले आणि त्यात महाराष्ट्राचा हिस्सा ६.३१७ टक्के होता. भरपाई ही तिसरी गोष्ट आणि ती फक्त पाच वर्षांची होती. ‘आपण १०० रुपये देतो आणि परत किती मिळतात’ अशा पोस्टमध्ये आणखी एक गफलत असते. देशभर धंदा करणाऱ्या अनेक कंपन्यांची मुख्य कार्यालयं मुंबईत असल्याने त्यांचा कर महाराष्ट्राच्या नावावर दिसतो, कमाई जरी अनेक राज्यांतली असली तरी.

पाच वर्षं संपल्यावर

३० जून २०२२ ला हमी संपली. त्याच आठवड्यात चंडीगडला झालेल्या बैठकीत अनेक राज्यांनी ती वाढवून मागितली. निर्णय झाला नाही. उपकर मात्र ३१ मार्च २०२६ पर्यंत वाढवला गेला होता, पण राज्यांना नवे पैसे देण्यासाठी नाही, करोनाकाळातलं कर्ज फेडण्यासाठी. म्हणजे २०२३ मध्ये मोटार घेणाऱ्याने भरलेला उपकर २०२० च्या पगारांसाठी काढलेल्या कर्जाच्या फेडीला गेला.

त्याच सुमारास, १९ मे २०२२ ला, सर्वोच्च न्यायालयाने मोहित मिनरल्स प्रकरणात सांगितलं की परिषदेच्या शिफारशी केंद्र आणि राज्यांवर बंधनकारक नाहीत, त्यांना वजन आहे पण सक्ती नाही. कागदावर यामुळे राज्यांची ताकद वाढली. व्यवहारात एकट्या राज्याने वेगळा दर लावण्याचं धाडस केलेलं नाही. कारण इनपुट क्रेडिटची साखळी तुटली तर पहिला फटका त्याच राज्यातल्या व्यापाऱ्यांना बसेल.

राज्यांनी जे हातचं सोडलं नाही, तेही याच अनुभवातून समजतं. पिण्याची दारू जीएसटीबाहेर आहे. पेट्रोल-डिझेल आत आणायला परिषदेची शिफारस लागते. सप्टेंबर २०२१ मध्ये लखनौच्या बैठकीत तो विषय आला आणि राज्यांनी लगेच बाजूला सारला. पेट्रोलवरचा व्हॅट हा राज्याला स्वतःच्या मर्जीने बदलता येणाऱ्या मोजक्या मोठ्या करांपैकी एक उरला आहे. ‘पेट्रोल जीएसटीत का आणत नाही’ या नेहमीच्या प्रश्नाचं उत्तर बरंचसं इथे आहे, आणि त्यावर सत्ताधारी-विरोधी असा भेद फारसा दिसत नाही.

सप्टेंबर २०२५ मध्ये हा वाद पुन्हा वर आला. १२ आणि २८ टक्क्यांचे टप्पे काढून मुख्यतः ५ आणि १८ टक्के ठेवण्याचा प्रस्ताव केंद्राने आणला. विरोधी पक्षांची सरकारं असलेल्या आठ राज्यांनी आधी दिल्लीत बैठक घेतली. दर कमी करायला त्यांचा विरोध नव्हता. कर कमी करू नका असं लोकांना सांगणं कुणालाच परवडणारं नव्हतं. २०२४-२५ हे पायाभूत वर्ष धरून पुन्हा पाच वर्षं महसुलाची हमी द्या, अशी त्यांची मागणी होती. ३ सप्टेंबरला परिषदेची बैठक झाली. दोन दिवसांसाठी बोलावलेली ही बैठक एका दिवसात, रात्री उशिरा संपली. नवे दर २२ सप्टेंबरपासून लागू करायचं ठरलं. यामुळे महसुलावर सुमारे ४८ हजार कोटींचा परिणाम होईल, असा केंद्राचा अंदाज होता, राज्यांचा अंदाज त्याहून बराच मोठा होता. तंबाखूजन्य पदार्थांवरचा उपकर जुनं कर्ज फिटेपर्यंत चालू ठेवायचं ठरलं, बाकी वस्तूंवरचा गेला. हमी मात्र या वेळी कुणालाच मिळाली नाही.